सगळ्यांच्या घरचं पाणी

कमल, तुला विष पाजलं म्हणे.

मी म्हणत नाही, गाव म्हणतंय. हॉस्पिटलातल्या आया म्हणतायत, विडी कारखान्यासमोरच्या रांगेतल्या बायका म्हणतायत. काल सासूबाईंचं पान आणायला चौकात गेले, तर पानवाला चुना लावता लावता खालच्या आवाजात मला, म्हणजे मला सांगतोय, "तुमच्या त्या डॉक्टरीणबाईला पान्यातनं काय तरी घातलं म्हनं. त्या गल्लीतच." मी म्हटलं, अरे, मी तिच्या उशाशी बसले होते. कावीळ झाली होती तिला. तर म्हणतो कसा, "तुमाला तसंच सांगनार की डॉक्टर लोक." पान तिथंच ठेवून मी निघून आले. सासूबाई रुसल्यात, रुसू देत.

उद्या मिरवणूक आहे. ती आपल्या कामाच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, आणि दरवर्षी त्या दिवशी सकाळपासून तू विड्या वळणाऱ्या खैरूनबीच्या ओट्यावर ठाण मांडून बसायचीस. उद्या त्या ओट्यावर कोणी नाही. आणि गावात जी गोष्ट फिरतेय, तिच्यात पाण्याचा गिलास खैरूनबीच्याच हातात आहे.

तुझ्या मेडिकल कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लेख लिहा म्हणून मला निरोप आलाय. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, असं सगळं ओळीनं पाहिजे त्यांना. ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या म्हणावं. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू अर्ध्यात उठून गेलीस.

आपली ओळख झाली तीच मुळी भांडणानं. त्या वर्षी गावात दंगल झाली आणि आपले वॉर्ड भरले. मी हॉस्पिटलची समाजसेविका, नातेवाईक शोधायचे, निरोप पोचवायचे, एवढंच माझं काम. तू देवी रोगाच्या मोहिमेतून नुकतीच आलेली, करमाळा-सांगोल्याच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातलेली, उन्हानं रापलेली डॉक्टर. तुला त्या वॉर्डात कुणी बोलावलंही नव्हतं. आणि तू खाटेखाटेशी जाऊन विचारत होतीस, "हे व्हायच्या आधी तू काय ऐकलंवतंस? कुणी सांगितलं? कुठं उभा होतास?" डोक्याला टाके पडलेला माणूस कण्हतोय आणि बाई चौकशी करतेय. मी तुझा दंड धरून तुला बाहेर काढलं. म्हटलं, लाज आहे का काही? तू शांतपणे म्हणालीस, "पटकीची साथ आली की आपण हेच विचारतो. कुठल्या विहिरीचं पाणी पिलास? मग हितं का नाही विचारायचं? हीपण साथच हाय की." चिडलीस की तुझी जेऊरची बोली वर यायची. ती मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

मला ते पटलं नव्हतं. मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. पण डोक्यातून जाईना. दंगल म्हणजे पावसासारखी वरून पडते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, तिला सुरुवात असते, तिचं एक ठिकाण असतं आणि तिथं वेळेवर पोचलं तर ती थांबवता येते, हे बोलणारी तू पहिली. आणि सरकारकडे तू ते मागितलंस, आणि आश्चर्य म्हणजे सरकारनं दिलं. एक खोली, अधूनमधून जीप, मलेरिया खात्याचे दोन कर्मचारी उसने, आणि मी. हॉस्पिटलात सगळे आपल्याला 'दंगलीचा दवाखाना' म्हणायचे. "काय डॉक्टर, लस कधी काढताय?" म्हणून मेसमध्ये चिडवायचे. तू जेवता जेवता म्हणायचीस, "निघाली की पहिली तुम्हालाच टोचीन."

तुझी पद्धत साधी होती. अफवा कानावर आली की ती खरी की खोटी यावर वाद घालायचाच नाही. फक्त विचारायचं, तुला कुणी सांगितलं? मग त्याच्याकडे जायचं. मग त्याला कुणी सांगितलं? असं मागं मागं जात राहायचं. तू म्हणायचीस, तळाशी कायम एक खरी, बारकी, साधी गोष्ट असते. ती सापडली की हातात धरून वर आणायची आणि सगळ्यांना दाखवायची. एकदा 'नळाला जहर सोडलंय' म्हणून पेठेत माणसं जमायला लागली होती, तेव्हा मागं जाता जाता आपण नगरपालिकेच्या एका माणसापाशी पोचलो. त्यानं टाकीत ब्लीचिंग पावडर जरा सढळ हातानं टाकली होती, बस्स. तू त्यालाच हाताला धरून गल्लीत आणलंस आणि त्याला सगळ्यांदेखत नळाचं पाणी प्यायला लावलंस. आणि मग तू प्यायलीस.

पाणी. तिथूनच आपलं ते न संपलेलं भांडण सुरू होतं.

तुझा नियम होता, घरात गेलं की आधी पाणी मागायचं, मग प्रश्न. खैरूनबीकडे मागायचं, शेजारच्या नरसम्माकडे मागायचं, पलीकडच्या धनगराच्या खोलीत मागायचं. दिसेल त्या माठातलं, रांजणातलं, पिंपातलं. तुझं म्हणणं, आपण सरकारी माणसं. नसबंदीची ती दोन वर्षं होऊन गेल्यावर सरकारी माणूस दारात दिसला की लोक मागच्या दारानं पळतात. त्यांच्या हातचं पाणी पिलं तरच ते समोर बसतात. मी म्हणायचे, अगं तू साथीची डॉक्टर ना? नळाला पाणी येतं दिवसाआड, तेही गढूळ, पिंपात बोटं बुडवून तांब्या काढतात, तुला दिसत नाही? मी माझ्या मुलाची शाळेची वॉटरबॅग खांद्याला अडकवून यायचे. उकळून गाळलेलं पाणी. तुला म्हणायचे, यातलं पी. तू म्हणायचीस, "ती बाटली बाहेर काढली की संपलं सगळं. तू पी, तू समाजसेविका हायस, तुला चालतंय."

खैरूनबी मला हसायची. मांडीवर विडीचं सूप, कात्रीनं पान कापता कापता म्हणायची, "सुमनबाई अपना पानी अपने साथ लेको फिरते, सफर पे निकले सरीके." मीही हसायचे. आमचं दोघींचं चांगलं होतं. तिला कधी वाईट वाटलंय असं मला वाटलं नाही, आणि वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

आणि ते गेरूचं प्रकरण. गल्लीतली सगळी घरं घेणं शक्य नव्हतं म्हणून तू चिठ्ठ्या टाकून घरं निवडलीस. शास्त्राप्रमाणे बरोबर. आणि निवडलेलं घर सुटू नये म्हणून आपल्या मलेरियावाल्यांनी दाराशेजारी गेरूनं खूण केली, तुझ्याच सांगण्यावरून. देवीच्या मोहिमेत तू जन्मभर तेच केलं होतंस. घर झालं की भिंतीवर खूण, पुढचं घर. माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आपण दोघी दंगल कशी थांबवायची याचा अभ्यास करत होतो आणि दोन्ही धर्मांची माणसं राहतात त्या गल्लीत काही दारांवर लाल खुणा करून घरी जाऊन जेवलो.

सकाळी गेलो तर गल्ली रस्त्यावर. पुरुष कामावर गेलेले नाहीत. गिरणीचा भोंगा होऊन गेलेला आणि लोक दारात उभे. खैरूनबीनं तुला विचारलं, "हमारे घर पे निशान. बाजूवाले पे नै. उसके बाजूवाले पे फिर है. हमकोच कायकू चुने बाई?" आणि तू, माझी बाई, खरं बोललीस. "कारण काही नाही, चिठ्ठ्या टाकल्या." मी बघितलं, नरसम्माच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिनं हळूच विचारलं, "चिट्टी टाकून काय करनार हाय आमाला?" कारण नाही, हे कुणाला खरंच वाटेना. ज्या घरांवर खुणा होत्या त्यांना वाटलं आपल्याला मारणार, ज्यांच्यावर नव्हत्या त्यांना वाटलं आपल्याला मारणार. कोपऱ्यावर पोरं सायकलच्या चेन हातात घेऊन उभी होती.

मी म्हटलं, फडकं आण, पुसून टाकू सगळं. तू म्हणालीस नाही. पुसलं तर म्हणतील पुरावा पुसला. तू गेरूची बादली उचललीस आणि पुढच्या घरावर खूण केलीस. मग त्याच्या पुढच्या. खूण नव्हती त्या प्रत्येक दारावर. देवळाच्या ओवरीवर आणि मशिदीच्या बाहेरच्या भिंतीवर, दोन्हीकडे विचारून. पोलीस चौकीवर तर न विचारता. आणि मग ती सगळी वरात घेऊन चालत स्टेशनकडे, तुझ्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीच्या दारावरही खूण करायला. जो विचारेल त्याला एकच उत्तर देत होतीस, "तुमच्याच नाही, सगळ्यांच्या दारावर हाय." मी मागून येत होते आणि मनात तुला शिव्या देत होते. दुपारपर्यंत पोरांनी चेन सायकलला परत लावल्या.

त्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. अशा प्रत्येक दिवसानंतर यायचीस, उंबऱ्यात चप्पल काढायचीस आणि आत यायच्या आधी म्हणायचीस, "काही झालं नाही." मग चहा मागायचीस. सासूबाईंना ते इतकं पाठ झालं होतं की तू "काही" म्हटलंस की त्या आधण ठेवायच्या.

पण त्या गेरूनं आपला अभ्यास बुडाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेली घरं आणि न निवडलेली घरं, फरकच उरला नाही. वरून साहेब आले. सभ्य माणूस, चष्मा पुसत बोलणारा. म्हणाले, "डॉक्टर, तुमचा नमुना तुम्हीच बिघडवलात. आणि दंगल होणार होती हे कशावरून? काय झालं ते सांगा, मी वर कळवतो. काय झालं नाही ते कसं कळवू?" साहेब गेल्यावर तू म्हणालीस, "सुमे, माणसं घरी गेली, जेवली, झोपली. एवढं त्यांना कमी वाटतंय गं." तेव्हा मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चल, भूक लागलीय.

अभ्यास बंद करायचा हुकूम यायला वर्षं गेली, तोवर आपण गल्लीत जात राहिलो. मग यंदा तुझे डोळे पिवळे झाले.

आधी तू हसत होतीस. "बघ, तुझी वॉटरबॅग जिंकली." आंबट-तेलकट बंद, उसाचा रस, आराम. कुणीतरी तुझ्या वडिलांना, आबांना, जेऊरहून कसला तरी पाला घेऊन पाठवलं, तो तू त्यांच्या समाधानासाठी खाल्लास. सगळ्यांची कावीळ जाते तशी जाईल म्हणून मी रजाही काढली नव्हती. मग एका सकाळी तू मला ओळखलं नाहीस. माझ्याकडे बघून विचारलंस, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, कमल, मी सुमन. तू पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर चढली. नंतर दोन दिवस तू त्या खाटेवर पडून दिसेल त्याला तोच प्रश्न विचारत होतीस, नर्सला, भिंतीला, आबांना. आणि मग विचारायची थांबलीस. साथी थांबवत फिरणाऱ्या बाईला घाणेरड्या पाण्यानं नेलं. मी चिडलेय तुझ्यावर, कळतंय का तुला? मी इतकी चिडलेय की अजून रडू आलेलं नाही.

दहाव्याला मी जेऊरला गेले. विधी झाल्यावर आबा मला बाजूला घेऊन लिंबाखाली बसले. तुझ्यासारखंच बोलायच्या आधी जमिनीकडे बघतात. म्हणाले, "पोरी, खरं सांग. लोकं म्हनत्यात तिला काय तरी घातलं. व्हय का?" म्हणजे ती गोष्ट गाडीत बसून जेऊरपर्यंत पोचली होती. मी म्हटलं, नाही हो आबा, पाण्यातनं कावीळ झाली. ते म्हणाले, "पानी तर समदी गल्ली पिती. तुमचा डायवर पेला, ती मलेरियावाली मानसं पेली. मग माज्याच पोरीला कशी?"

कमल, मला उत्तर माहीत होतं. तूच शिकवलेलं. कारण नसतं, चिठ्ठी निघते. पण मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते म्हणवेना. आणि खरं सांगू, मलाही ते पटत नाही. त्या दिवशी गल्लीतल्या लोकांना का पटलं नाही ते मला लिंबाखाली समजलं. कुणीतरी निवडलं असेल तर निदान त्याच्यावर ओरडता येतं. तुझी नुसतीच चिठ्ठी निघाली म्हटलं तर मी कुणाची गचांडी धरू? मला रात्रंदिवस वाटतं, कुणीतरी असावं. हे लिहितानाही वाटतंय. तूच सांग, अशा माणसानं उद्या गल्लीत जाऊन लोकांना काय समजवायचं?

तरी परत आल्यावर मी तुझ्या पद्धतीनं मागं मागं गेले. पानवाल्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? त्याला एका गिऱ्हाइकानं, गिऱ्हाइकाला त्याच्या बायकोनं, बायकोला कारखान्याच्या रांगेत. रांगेतल्या बाईला आपल्याच वॉर्डातल्या आयेनं. आयेला मी धरलं तर ती रडायला लागली. म्हणाली, "म्या खोटं न्हाय सांगितलं बाई. ती खैरूनबीच म्हनली. माज्या कानानं ऐकलं." आणि मग मला आठवलं. तू गेलीस त्या सकाळी खैरूनबी हॉस्पिटलच्या फाटकात बसून ऊर बडवत होती. "मेरे हाथ का पानी पी के गई. मेरेच घर का पानी लग्या बाई कू." मी तिथंच होते. मी तिला पाठीला धरून उठवलं होतं.

ही होती तळाशी असलेली खरी, बारकी गोष्ट. तिचं रडणं.

आणि त्याला जोड मिळालीय ती माझी. आया डोळे पुसत म्हणाली, "आनि लोकं म्हनत्यात, ती दुसरी बाई तितं कदीच पानी पेली न्हाय. आपलं पानी संगट न्यायची. तिला ठावं असनार." म्हणजे मी. मी आणि माझ्या पोराची वॉटरबॅग. खैरूनबीविरुद्ध गावाकडे एवढा एकच साक्षीदार आहे, आणि तो माझ्या घरी खुंटीला लटकलाय.

मी आपल्या खोलीकडे गेले, तर खोलीला कुलूप. अभ्यास बंद झाल्याचा हुकूम तुझ्यामागोमागच आला. जीप परत, मलेरियावाले परत. पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, बंदोबस्त आहे, तुम्ही काळजी करू नका, आणि तुम्ही आता कुठल्या खात्याच्या? मी खरंच कुठल्याच खात्याची नाही. तू असतीस तर त्या कुलपाला शिवी देऊन निघाली असतीस. मला घर आहे, पोर आहे, सासूबाई आहेत, आणि मला भीती वाटते. गल्लीची वाटते आणि त्या पाण्याची त्याहून वाटते. मी तुझे डोळे पिवळे होताना बघितलेत.

एवढं लिहून ठेवते. वॉटरबॅग खुंटीवरच आहे. उद्याचं उद्या.

परत आलेय. संध्याकाळ आहे.

सकाळी गेले, मोकळ्या खांद्यानं. गल्लीच्या तोंडाशी पोरं उभी होती, तीच चेनवाली, आता मिशा फुटलेली. खैरूनबीचं दार बंद. मी कडी वाजवली. आतून आवाज आला, "जाव बाई, घर कू जाव. तुमना इधर नक्को आना." मी ओट्यावर बसले, तुझ्या जागेवर. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "खैरूनबी, पाणी दे गं. उन्हातनं चालत आलेय."

दारं किलकिली झाली. नरसम्मा पळत तिचा तांब्या घेऊन आली. मी म्हटलं, तुझ्याकडे येतेच, आधी हिचं. मग कडी निघाली. खैरूनबी गिलास दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी. "मेरे हाथ का नक्को गे मा. तुमे तो कब्बी पिये नै. आज नक्को." मी तिच्या हातातून तो घेतला आणि उभी राहून, रस्त्याकडे तोंड करून, सगळा प्यायले. कोमट होतं. मातीचा वास होता. पोटात काय गेलं ते मला माहीत होतं आणि तरी गिलास परत दिला, म्हटलं, अजून दे.

मग नरसम्माकडे. मग पलीकडे धनगराच्या खोलीत. मग समोरच्या ओळीला. प्रत्येक घरी एकच गोष्ट विचारली, विषाचं तुला कुणी सांगितलं? लोक खाली बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या की बाई, लोकं काय बी बोलत्यात." अर्ध्या गल्लीतच माझं पोट तुंबलं. कोपऱ्यावरचा एक पोरगा शेवटी हसला, "बास करा की ओ, पोट फुटंल." तर त्याची आई आतून ओरडली, "आमच्याकडचं न्हाय का पेनार मग?" आणि त्या ओळीतली माणसं हसली. एका घरानं दार उघडलं नाही. मी तिथं थांबून पाहिलं आणि पुढं गेले. भिंतीवर तुझा गेरू अजून कुठं कुठं दिसतो. चुना फासलाय वरून, तरी दिसतो.

दुपारी मिरवणूक आली. ढोल गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले आणि काही जण खैरूनबीच्या दाराकडे बोट करून एकमेकांशी बोलायला लागले. तिनं माझा हात धरला. तिचं सूप मांडीवर तसंच होतं, पानं वाळून चुरा झाली होती. मी तिच्याकडे पुन्हा पाणी मागितलं, मोठ्यांदा. तिनं दिलं. ते बघत राहिले आणि मी पीत राहिले, हळूहळू, जेवढं हळू पिता येईल तेवढं. मग मागून कुणीतरी ढोल वाजवला आणि ते पुढं गेले.

मला कावीळ होतेय का ते कळायला वेळ आहे, तूच शिकवलंस किती. माझी चिठ्ठी आत पडलीय. निघायची तर निघेल. मला तुझ्याइतकं धैर्य नाही, मी घरी येताना रस्त्यात दोनदा ओकायचा प्रयत्न केला, तेवढं तुला म्हणून सांगते.

भांडणाचं म्हणशील तर मी अजून हरले नाही. ते पाणी घाण होतं. तू उकळून प्यायला हवं होतंस. तू आज असतीस.

घरी आले. उंबऱ्यात चप्पल काढली आणि तिथंच खाली बसले. इतक्या दिवसांचं रडू सगळं एकदम आलं. सासूबाई आतून धावत आल्या, रुसवा विसरल्या, माझं डोकं पोटाशी धरून विचारायला लागल्या, काय झालं गं, काय झालं?

"काही झालं नाही," मी म्हटलं. "सासूबाई, आज काही झालं नाही."

त्यांनी आधण ठेवलं.